बाजाराच्या दिवशी घ्यायच्या गोळ्या

खोडाळ्याहून कसाऱ्याला जाणारी जीप माणसे भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली म्हणजे किती हे ड्रायव्हर ठरवतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये एका पहाटे त्या जीपमध्ये मी आणि आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी मांडीला मांडी लावून बसलो होतो. मावशींनी पदराने तोंड झाकून घेतले होते. गालाच्या आतली जखम आता बाहेरूनही कळू लागली होती आणि तिला वास येत होता. जीपमधल्या माणसांना तो येऊ नये म्हणून त्या वळणावळणाला मान बाहेर काढत होत्या.

जव्हार-मोखाड्यात माझी तीस वर्षे शिक्षिकेच्या नोकरीत गेली. त्यातली शेवटची बारा वर्षे मावशी आमच्या शाळेत होत्या. पाड्यावरून भल्या सकाळी चालत यायच्या, चूल पेटवायच्या, आणि भात शिजेपर्यंत कमरेची डबी काढून चुना-तंबाखूचा बार भरायच्या. ‘मावशी, मुलांसमोर नको,’ असे मी म्हणायची. त्या हसून पाठ वळवायच्या. यापलीकडे मी काही केले नाही, हे आता लिहिताना टोचते.

जखम दिसल्यावर त्या आधी भगताकडे गेल्या. मग तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात चार महिने जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेतल्या. मी निवृत्त होऊन जव्हारला राहायला आले होते, त्यामुळे मला कळायला आणखी उशीर झाला. मुलगा दिवाळीनंतर बायकोला घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेला. शेवटी त्याचा फोन आला, ‘बाई, आयला तुम्हीच घेऊन जा.’ म्हणून ती जीप, मग कसारा लोकल, मग दादर, आणि तिथून परळ.

टाटा रुग्णालयाच्या बाहेरचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो वेगळा सांगायला नको. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव असलेल्या त्या रस्त्याच्या कडेला देशभरातली माणसे पथारी टाकून बसलेली असतात. कोणाच्या नाकात नळी, कोणाच्या हातात एक्स-रेचे पाकीट, कोणी स्टोव्हवर चहा करते आहे. आम्हाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली, हे नशीब. तपासण्यांना आठ दिवस गेले. नवव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले की शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली आहे. आजार बरा होणार नाही, मात्र तो आवरून धरण्याचा प्रयत्न करता येईल.

मग त्यांनी दोन वाटा समोर ठेवल्या. पहिलीत दर तीन आठवड्यांनी परळला येऊन शिरेतून औषध घ्यायचे. दुसरीत घरीच गोळ्या घ्यायच्या. एक गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, आणि दुसरी रोज सकाळ-संध्याकाळ. अधूनमधून रक्त तपासून घ्यायचे.

मावशींनी मला हळूच विचारले, ‘बाई, गोळीचा गुण कमी असेल ना? गरिबाला गोळी, पैशेवाल्याला सुई?’

प्रश्न अगदी माझ्याही मनातला होता. आपल्याकडे इंजेक्शन म्हणजे खरे औषध आणि सलाईन म्हणजे त्याहून खरे, हा समज पाड्यापासून पेडर रोडपर्यंत सारखाच. डॉक्टर तरुण होते, पण रागावले नाहीत. म्हणाले, ‘याच प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही इथे मोजमाप केले आहे, मावशी.’

ते मोजमाप मी नंतर मिळवून वाचले. डोके आणि मान यांच्या कॅन्सरचे ज्यांचे बरे होणे शक्य नव्हते असे ४२२ रुग्ण टाटा रुग्णालयात २०१६ पासून या चाचणीत घेतले गेले. कोणाला गोळ्या आणि कोणाला शिरेतले सिस्प्लॅटिन हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले, म्हणजे डॉक्टरच्या किंवा रुग्णाच्या मर्जीचा त्यात संबंध नाही. निकाल २०२० मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात छापून आला. शिरेतून औषध घेणाऱ्यांपैकी निम्मे रुग्ण ६.१ महिन्यांपर्यंत हयात होते, तर गोळ्या घेणाऱ्यांपैकी निम्मे ७.५ महिन्यांपर्यंत. तीव्र त्रास सुईवाल्यांत शंभरातल्या ३० जणांना झाला आणि गोळीवाल्यांत १९ जणांना. ‘गरिबाची’ गोळी सरस ठरली होती.

दीड महिन्याचा फरक. मुंबईत एखाद्या जेवणाच्या टेबलावर हा आकडा सांगितला तर लोक ‘बस्स?’ म्हणतील, आणि मी त्यांना दोष देणार नाही. पण मोखाड्याच्या पाड्यावरून त्याचा हिशेब निराळा होतो. दर तीन आठवड्यांनी जीप, लोकल, धर्मशाळा. सोबतीच्या माणसाची मजुरी बुडणार. येताना उलट्या, गेल्यावर पुन्हा आठ दिवस अंथरूण. उरलेल्या सहा महिन्यांतले दोन तर रस्त्यातच गेले असते. गोळीने ते वाचवले.

या गोळ्यांतली आठवड्याची गोळी म्हणजे मेथोट्रेक्सेट. दुसरी सेलेकॉक्सिब, सांधेदुखीवर देतात ती. मेथोट्रेक्सेटही अनेक घरांत आमवाताच्या रुग्णांमुळे ओळखीचे असेल. दोन्ही जुनी आणि स्वस्त. मेथोट्रेक्सेटची तर जन्मकथाच अशी आहे की ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण तिचे एक टोक टाटा रुग्णालयाच्या शेजारच्या आवारातच आहे.

तिथे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर तिथे आली. मुंबईच्या गिरणगावातल्या गरीब बायका बाळंतपणाच्या आधी पांढऱ्याफटक पडून दगावत होत्या. त्यांच्या रक्तातली ही विशिष्ट उणीव कशाने भरून येते याचा विल्सबाईंनी शोध घेतला. यकृत, भाजीपाला असे करता करता अखेर यीस्टच्या अर्कापाशी, म्हणजे विलायती न्याहारीच्या ‘मार्माइट’पाशी, त्या पोचल्या. बायका सुधारू लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्कातला तो गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आमच्या भागात आशाताई गरोदर बायकांना लोहाच्या ज्या लाल गोळ्या वाटतात, त्यांत तेच असते.

पुढचा धागा अमेरिकेत. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर रक्ताच्या कॅन्सरने आजारी मुलांवर काम करीत होते. रक्त वाढवणारे द्रव्य या मुलांना उपयोगी पडेल असे वाटले होते. झाले उलटेच, रोगच फोफावल्यासारखा दिसला. तेव्हा त्यांनी विचार फिरवला. फॉलिक ॲसिडने रोग वाढतो, तर फॉलिक ॲसिडला अडवणारे औषध दिले तर? असे औषध लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार होत होते, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले आंध्रमधल्या भीमावरमचे येल्लाप्रगड सुब्बाराव. १९४८ मध्ये फार्बरनी जाहीर केले की १६ पैकी १० मुलांचा आजार काही काळ तरी मागे हटला. त्यापूर्वी अशा मुलांसाठी कोणाच्याही हाती काही नव्हते. त्याच औषधाचे धाकटे, अधिक सोसवणारे भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले. त्यांचे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात मला तीस वर्षांत एकदाही शिकवावे लागले नाही!

आता पैशाची गोष्ट. फार्बरना पुढच्या कामासाठी पैसा हवा होता. २२ मे १९४८ रोजी रेडिओवरच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात रुग्णालयातल्या एका मुलाचा आवाज ऐकवला गेला. त्याचे खरे नाव लपवून त्याला ‘जिमी’ म्हटले होते. त्याच्या खोलीत बेसबॉलचे आवडते खेळाडू आले, सगळ्यांनी मिळून गाणे म्हटले, आणि निवेदकाने जिमीला टीव्ही घेण्यासाठी वीस हजार डॉलरचे आवाहन केले. लोकांनी दोन लाखांवर पाठवले, त्यात मुलांनी साठवलेली चिल्लरही होती. तो ‘जिमी फंड’ आजही चालू आहे.

परळलाही पैसा असाच, एका माणसाच्या दुःखातून आला. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये वेल्समधल्या एका रुग्णालयात रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. दोराबजींनी पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने न्यास काढला तो याच रोगाच्या संशोधनाला जगभर मदत करण्यासाठी. आपली सारी संपत्ती दुसऱ्या न्यासाच्या स्वाधीन केली आणि त्याच वर्षी जूनमध्ये जर्मनीत तेही गेले. मेहेरबाईंचा २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा प्रसिद्ध होता. १९२४ मध्ये टाटांचा पोलाद कारखाना अडचणीत आला तेव्हा पती-पत्नींनी तो बँकेत गहाण ठेवला होता. तोही पुढे विकला जाऊन पैसा न्यासाकडे गेला. दोराबजींच्या न्यासातून उभे राहिलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. १९५७ पासून ते सरकारकडे आहे आणि १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे.

पण नुसती खाटांची सोय करून न्यासाने हात झाडले नाहीत. पहिल्या दिवसापासून तिथे प्रयोगशाळा होती आणि तिचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. मुंबईच्या निरनिराळ्या समाजांत तोंडातल्या कोणत्या जागी कॅन्सर होतो, आणि पान-तंबाखू खाण्याच्या कोणत्या रीतीशी त्याचे नाते आहे, याची नोंद त्यांनी १९४४ मध्येच केली होती. मावशींच्या कमरेची डबी आणि गालातली जखम यांचा संबंध त्यांच्या जन्मापूर्वी कित्येक वर्षे कागदावर आलेला होता. कागदावरून मोखाड्यापर्यंत तो कधी पोचलाच नाही.

हा सगळा इतिहास मी का उगाळते आहे? मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाचे पेटंट केव्हाच संपलेले आहे. ते चार-दोन रुपयांत तयार होते. त्याच्यावर आणखी एक चाचणी करून, ते महागड्या उपचाराला मागे टाकते हे सिद्ध करण्यात कोणत्या कंपनीला रस असेल? कंपन्या दुष्ट असतात असे मला म्हणायचे नाही. त्यांनी भागधारकांना नफा द्यायचा असतो आणि या प्रश्नात नफा नाही, इतकेच. मावशींना मिळालेल्या गोळ्यांच्या चाचणीचा खर्च रुग्णालयाच्या स्वतःच्या संशोधन निधीतून झाला. जो प्रश्न विकून पैसे मिळत नाहीत, तो विचारायचा तर पैसा असाच कोठून तरी यावा लागतो. सरकारातून, संस्थेतून किंवा दात्यांकडून.

आपण दान देतो तेव्हा मात्र आपल्याला डोळ्यांना दिसणारी वस्तू हवी असते. संगमरवरी पाटी असलेली खाट, रुग्णवाहिका, फळवाटप. फळवाटपाचा फोटो तरी छापून येतो. ‘दोन औषधांची तुलना करण्यासाठी’ पैसे दिले तर फोटो कशाचा काढणार? आणि निकाल ‘काही फरक नाही’ असाही येऊ शकतो. तेवढे धैर्य देणगीदारात लागते.

असे धैर्य दाखवल्याचे एक उदाहरण आपल्या मराठवाड्यात आहे. ते मावशींच्या आजाराचे नाही, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे आहे. पण मोखाड्यातल्या बायकांचा विचार करताना मला ते सारखे आठवते, कारण उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, बायका त्यांच्यासारख्याच. शेतात राबणाऱ्या, अंगावर दुखणे काढणाऱ्या, ‘तिथली’ तपासणी म्हटले की लाजून घरात जाणाऱ्या.

बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय, टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ मध्ये या जिल्ह्यात काम सुरू केले. पैसा आला गेट्स फाउंडेशनच्या देणगीतून. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ समूह, त्यांचे चार गट. एका गटाची विषाणूची तपासणी करायची, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची नुसत्या डोळ्यांनी व्हिनेगरसारखे द्रावण लावून. चौथ्या गटाला फक्त माहिती द्यायची आणि नेहमीचे उपचार चालू ठेवायचे. मग आठ वर्षे वाट पाहायची.

निकाल २००९ मध्ये आला. माहितीच दिलेल्या गटात या कॅन्सरने ६४ बायका गेल्या. आयुष्यात एकदाच विषाणूची तपासणी केलेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ३४. बाकीच्या दोन तपासण्यांनी म्हणावा असा फरक पडला नाही. आणि ज्यांच्या तपासणीत विषाणू आढळला नव्हता, त्यांच्यातली एकही या आजाराने गेली नाही. एका बाईची एकदाच तपासणी, आणि मृत्यू निम्मे! जगभरात याची दखल घेतली गेली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच तपासणीला पहिली पसंती दिली.

त्या ६४ बायकांचे काय, हा प्रश्न पुढे अनेकांनी विचारला, आणि तो मलाही छळतो. संशोधक म्हणाले की त्या काळी देशात कोठेच नियमित तपासणी होत नव्हती, त्यामुळे चौथ्या गटाचे काही काढून घेतलेले नाही. तर्क बरोबर आहे. तरीही, तपासणी आपल्या हातात आहे आणि शेजारच्या गावात ती चालू आहे हे ठाऊक असताना एखाद्या गावाला नुसते व्याख्यान देऊन परतायचे, हे मला जमले नसते. दानाचा पैसा असला म्हणजे हा प्रश्न सुटत नाही. उलट देणाऱ्याने तो अधिकच विचारला पाहिजे, कारण ज्यांच्यावर प्रयोग होतो त्या बायकांना तो विचारण्याची सवय नसते. मावशींनी ‘गरिबाला गोळी का’ असे विचारले, ते अपवादानेच.

आणि ज्यांनी आठ वर्षे अंगावर घेऊन हे ज्ञान मिळवून दिले, त्यांचे ऋण आपण कसे फेडले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी दोघींचीही ही तपासणी कधी झालेली आढळली नाही.

नव्या उपचारांच्या बातम्या मी आता आवडीने वाचते. २०२३ मध्ये पवईची आय.आय.टी. आणि टाटा रुग्णालय यांच्या प्रयत्नांतून रक्ताच्या काही कॅन्सरवर रुग्णाच्याच पेशी बदलून परत देण्याच्या देशी उपचाराला परवानगी मिळाली. परदेशात त्याला कोटींत रक्कम लागते, इथे त्याच्या एक दशांशाच्या आसपास. अभिमान वाटावा असेच काम आहे. मात्र पिवळे रेशनकार्ड असलेल्या घराला तीस-चाळीस लाख आणि तीन-चार कोटी हे दोन्ही आकडे सारखेच लांब असतात. म्हणून त्या बातमीच्या शेजारी ४२२ रुग्णांची आणि दोन जुन्या गोळ्यांची बातमीही तेवढ्याच मोठ्या टाइपात हवी होती, असे मला वाटते. ती तशी छापलेली मी तरी कोठे पाहिली नाही.

मावशींनी गोळी निवडली. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून डॉक्टरांनी वार पक्का करायला सांगितले. कॅलेंडर त्यांच्या घरात नव्हते. त्यांनीच तोड काढली. ‘बाजाराच्या दिवशी घेते. बाजार काही मी विसरत नाही.’ रक्त तपासायला मुलगा त्यांना जव्हारला आणायचा, तेव्हा त्या माझ्याकडे चहाला थांबायच्या. बशीत ओतून, निववून, एका कडेने प्यायच्या. जखम थोडी सुकली होती. वास गेला होता. जीपमध्ये आता कोणी तोंड फिरवत नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितले.

त्या पावसाळ्यात त्या लावणीला उतरल्या. सगळ्या दिवसांना नाही; पण बांधावर बसून आवणाच्या जुड्या पुढे करीत होत्या, असे सुनेने सांगितले. नागलीही त्यांनी डोळ्यांदेखत घरात आणून घेतली. दिवाळीनंतर मुलगा त्या वर्षी भट्टीवर गेला नाही. डिसेंबरात गाल पुन्हा सुजला, गोळी गिळेना, आणि जानेवारीच्या अखेरीस त्या घरीच गेल्या.

दिवस झाल्यावर मुलगा जव्हारला आला. पिशवीतून त्याने सेलेकॉक्सिबची अर्धी पट्टी आणि मेथोट्रेक्सेटच्या तीन गोळ्या काढून ओट्यावर ठेवल्या. तीन बाजारांच्या. ‘बाई, या परळला परत करायच्या का?’ त्याने विचारले. ‘दुसऱ्या कोणाला तरी लागत असतील.’